ओळखीच्या बाटलीशेजारी अनोळखी बाटली : रेड वाइनचे कमी परिचित वाण कसे शोधावेत, कसे चाखावेत

फेब्रुवारी-मार्चात मंडईत द्राक्षे घेताना आपल्यापैकी बरेच जण सहज विचारतात, "सोनाका आहे का, की थॉमसन?" लांबट मणी म्हणजे सोलापूरजवळच्या नान्नजचा सोनाका, तास-ए-गणेश तासगावकडचा, काळी बिनबियांची असतील तर बहुधा शरद सीडलेस. हे शिकायला कुणी वर्गात बसलेले नसते. तोच माणूस वाइनच्या दुकानात मात्र "एक बरी रेड द्या" म्हणतो आणि मिळेल ती बाटली पिशवीत घालून निघतो. (आपल्याकडच्या 'वाइन शॉप'मध्ये व्हिस्की-रमच्या रांगांमागे वाइन शोधावी लागते, त्यामुळे सगळा दोष गिऱ्हाइकाचा नाही.)

आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या २०१७ च्या अहवालानुसार जगात द्राक्षवेलीचे सुमारे १०,००० वाण माहीत आहेत. त्यांतल्या अवघ्या १३ वाणांनी द्राक्षाखालच्या जमिनीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग अडवला आहे आणि ३३ वाणांनी निम्मा. यात खायची आणि बेदाण्याची द्राक्षेही आली. वाइनपुरते बोलायचे तर काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो, शिराझ, पिनो न्वार ही तीच ती नावे सगळीकडे भेटतात. त्यांच्या पलीकडे शेकडो वाण आहेत आणि त्यांतल्या अनेकांची वाइन या नावाजलेल्यांच्या तोडीस तोड आहे.

पण दुर्मीळ नावे जमवत सुटण्यात फारसा अर्थ नाही. अनोळखी वाइन एकटी प्यायली तर ती 'वेगळी' लागते, एवढेच कळते. ओळखीच्या वाइनच्या शेजारी ठेवून प्यायली तर ती नेमकी कशात वेगळी आहे हे कळते. पुढचा सगळा लेख या जोडीने चाखण्याच्या पद्धतीवर बेतलेला आहे.

हे वाण मागे का पडले

१८६० च्या दशकात फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी, माव्याच्या जातकुळीतली कीड अमेरिकेतून आली आणि काही दशकांत युरोपभरच्या बागा बसल्या. उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचे कलम करण्याचा. (नाशिक-सांगलीचे बागाईतदार आज ज्या डॉगरिज खुंटावर कलम करतात तोही अमेरिकन वंशाचाच; आपल्याकडे त्याची गरज मुख्यतः खारवट जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी पडली.) सगळी बाग नव्याने लावायची वेळ आल्यावर शेतकऱ्याने हमखास पिकणारे वाण निवडले. ज्यांची फुलगळ होते, जे उशिरा पिकतात, ज्यांचा उतारा कमी पडतो, ते वाण चवीला कितीही चांगले असले तरी वगळले गेले.

फ्रान्सच्या बोर्दो भागातला कार्मेनेर असाच गेला. त्याच्या वेली त्याआधीच चिलीला पोहोचल्या होत्या, पण तिथे त्यांना मेर्लो समजून मेर्लोच्या ओळींत लावले गेले. चिलीचा 'मेर्लो' जरा विचित्र लागतो, उशिरा पिकतो, असे लोक म्हणत राहिले. अखेर नोव्हेंबर १९९४ मध्ये फ्रेंच वेलतज्ज्ञ जाँ-मिशेल बूर्सिको यांनी तिथल्या बागेत उभे राहून सांगितले की हा मेर्लो नव्हे, कार्मेनेर आहे. शंभराहून जास्त वर्षे एक वाण दुसऱ्याच्या नावाने विकला जात होता.

आता वारे थोडे उलटे वाहू लागले आहे. हवामान तापते आहे, आणि परंपरेला चिकटून असणाऱ्या बोर्दोनेही २०२१ मध्ये पोर्तुगालचा तुरिगा नासिओनाल, तसेच मार्सलां, आरिनार्नोआ आणि कास्ते हे लाल वाण मर्यादित प्रमाणात लावायला परवानगी दिली.

पहिली पायरी : आंबट आणि तुरट वेगळे करा

वाइनच्या वर्णनांत ब्लॅककरंट, गूजबेरी, व्हायोलेट असले शब्द येतात आणि वाचणारा दचकतो, कारण यांतले काहीच त्याने खाल्लेले किंवा हुंगलेले नसते. वासांचा विषय सुरुवातीला सोडून द्या. आधी तोंडात काय घडते ते पाहा. आंबटपणा, तुरटपणा, भरीवपणा आणि अल्कोहोलची ऊब, या चार गोष्टी पकडता आल्या की पुष्कळ झाले.

घरी एक प्रयोग करा. दोन कप कोरा चहा, बिनसाखरेचा. एकात पत्ती दोन मिनिटे ठेवा, दुसऱ्यात दहा मिनिटे. कोमट झाल्यावर आळीपाळीने घोट घ्या. दुसऱ्या कपाने हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी, खरखरीत होते. ते टॅनिन. रेड वाइनमध्ये ते द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून येते. मग साध्या पाण्यात थोडे लिंबू पिळून प्या. जबड्याच्या कडेला पाणी सुटते. तो आंबटपणा. भरीवपणा कळायला गाईचे पातळ दूध आणि म्हशीचे सायीचे दूध तोंडात घोळवून पाहा. अल्कोहोल गिळल्यावर कळते. १२ टक्क्यांची वाइन घशातून शांत उतरते, १४.५ टक्क्यांची छातीपर्यंत ऊब ठेवून जाते.

नवशिका आंबटपणा आणि तुरटपणा यांत हमखास गल्लत करतो, कारण बऱ्याच वाइनमध्ये दोन्ही एकदम येतात. खूण सोपी आहे : लाळ सुटली तर आंबट, लाळ आटली तर तुरट. इटलीचा नेब्बिओलो, ग्रीसचा क्सिनोमाव्रो आणि दक्षिण इटलीचा आल्यानिको हे तिन्ही वाण लाळ सोडवतात आणि लगेच आटवतातही. म्हणूनच पहिल्या भेटीत ते अनेकांना रागीट वाटतात.

वासांकडे वळाल तेव्हा आपली पोतडी उघडा. जांभूळ, करवंद, आमसूल, मिरे, लवंग, भाजलेले सुके खोबरे, कात, तंबाखू, पहिल्या पावसाची माती, चामड्याच्या वहाणा. तुमच्या वहीत 'करवंद, किंचित कात' असे लिहिलेले असेल तर ते 'ब्लॅकबेरी, सीडार' अशा उसन्या ओळीपेक्षा जास्त उपयोगाचे आहे, कारण सहा महिन्यांनी वाचल्यावर ती वाइन तुम्हाला परत आठवेल.

दुसरी पायरी : घरच्या बाटलीची खुंटी ठोका

तुलना करायची तर एक बाजू पक्की हवी. महाराष्ट्रात राहणाऱ्यासाठी ती नाशिकची शिराझ, काबर्ने किंवा झिनफँडेल असू शकते. आपल्या उष्ण पट्ट्यात वेलीला युरोपसारखी हिवाळी झोप मिळत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी करून पीक कोरड्या, थंड रात्रींच्या दिवसांवर आणले जाते, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. तेव्हा नाशिकच्या शिराझची चव म्हणजे शिराझची एकमेव चव नव्हे. तरीही खुंटी म्हणून ती उत्तम, कारण ती सहज मिळते आणि खिशाला झेपते.

आपल्याकडेही नेहमीच्या वाटेबाहेरची लागवड झालेली आहे. अकलूज परिसरात फ्रातेल्ली या वाइन कंपनीने इटलीतल्या टस्कनीचा सांजोव्हेझे लावला, निफाडकडच्या रेव्हेलो कंपनीने सिसिलीचा नेरो दाव्होला लावला. कमी परिचित वाणांची वाट इथूनच सुरू करावी, असे मी सुचवेन. सीमाशुल्काने फुगलेली परदेशी बाटली हे पहिले पाऊल असू नये.

एकाच वाणाच्या दोन वेगवेगळ्या उत्पादकांच्या वाइन आधी शेजारी ठेवून प्या. दोन शिराझ एकमेकींपासून किती वेगळ्या असू शकतात हे कळले की पुढे दोन वाणांतल्या फरकाचे खापर तुम्ही उगाच वाणावर फोडणार नाही.

तिसरी पायरी : जोड्या लावा

*झिनफँडेल आणि प्लावाट्स माली.* कॅलिफोर्नियाने झिनफँडेल बरीच वर्षे आपला म्हणून मिरवला. इटलीच्या पुल्यातला प्रिमितिव्हो म्हणजे तोच वाण, हे डीएनए तपासणीने १९९० च्या दशकात कळले. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या कॅरल मेरेडिथ यांनी क्रोएशियन शास्त्रज्ञांबरोबर डाल्मेशियाचा किनारा पालथा घातला आणि २००१ मध्ये स्प्लिटजवळच्या कश्तेला इथल्या एका बागेत हाच वाण सापडला. तिथले त्याचे एक जुने नाव ट्रिबिद्राग. डाल्मेशियाचा प्लावाट्स माली हा त्याचा मुलगा. दुसरा पालक दोब्रिचिच नावाचा स्थानिक वाण. नाशिकची झिनफँडेल मऊ, गोडसर फळांची, तुरटपणाने बेताची असते. प्लावाट्समध्ये तशीच पिकलेली फळे आणि तितकेच चढे अल्कोहोल सापडेल, पण हिरड्या जोरात आवळल्या जातील. बापलेकातला हा फरक एका संध्याकाळी समजतो.

*शिराझ आणि ब्लाउफ्रेंकिश.* शिराझमध्ये मिऱ्याचा वास येतो तो रोटुंडोन या संयुगामुळे. खऱ्या काळ्या मिऱ्यातही तेच असते; २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी ते शिराझमध्ये ओळखले. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही. टेबलाभोवती पाच जण असतील आणि एक जण "मिरे कुठे आहेत?" म्हणून हटून बसला तर भांडू नका. ऑस्ट्रियातल्या बुर्गेनलांड भागाचा ब्लाउफ्रेंकिश मिरे आणि आंबट चेरीच्या अंगाने जातो. शिराझपेक्षा सडपातळ आणि जास्त आंबट. हाच वाण हंगेरीत केकफ्रांकोश आणि जर्मनीत लेम्बर्गर नावाने मिळतो, आणि हंगेरीची बाटली बहुधा स्वस्त पडते. मिऱ्याचा नाद लागलाच तर ईशान्य इटलीच्या फ्रिउलीतला स्किओपेत्तिनो शोधा. १९७० च्या दशकात तो जवळजवळ संपला होता, थोड्या शेतकऱ्यांच्या हट्टाने वाचला.

*काबर्ने आणि सापेरावी.* या जोडीपाशी थोडे थांबू. एक शरद सीडलेसचा मणी कापून पाहा : साल काळी, गर हिरवट. बहुतेक काळ्या द्राक्षांचे असेच असते. रेड वाइनचा रंग सालीतून येतो, म्हणून रस सालीसकट आंबवावा लागतो. जॉर्जियाचा सापेरावी मात्र आतूनही लाल असतो. त्याची वाइन पेल्यात शाईसारखी दिसते आणि दात रंगवते. फोटो काढायचे असतील तर आधी काढून घ्या. गडद रंग पाहून आपण काबर्नेसारख्या भारदस्त तुरटपणाची तयारी करतो, आणि तोंडात आधी येतो तो खणखणीत आंबटपणा. करवंद, आंबट जांभूळ, मागे थोडे चामडे. काबर्ने शेजारी असली की हा क्रम फार स्पष्ट जाणवतो.

जॉर्जियात सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांवर द्राक्षवाइनच्या रासायनिक खुणा सापडल्या आहेत आणि तिथले स्थानिक वाण ५०० हून जास्त भरतात. क्वेव्री म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला, अंड्याच्या आकाराचा मातीचा रांजण. त्यात सालीसकट वाइन करण्याच्या पद्धतीला युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. म्हणून सापेरावी घेताना लेबलवर क्वेव्री लिहिले आहे का ते पाहा. तशी वाइन जास्त खरखरीत आणि मातकट लागते. पहिल्यांदा घेणाऱ्याने साधी, पोलादी टाकीतली घ्यावी. दुसरी सावधगिरी गोडीची. मुकुझानी ही कोरडी, म्हणजे बिनगोडीची. किंझ्मराऊली सापेरावीचीच, पण अर्धगोड. आपल्याकडून तिबिलिसीला वैद्यकीय शिक्षणासाठी पुष्कळ मुले जातात आणि येताना बाटल्या आणतात. त्यांना काही सांगून ठेवायचे असेल तर हा फरक सांगा, नाहीतर घरी मटणाबरोबर गोड वाइन उघडली जाईल.

*सांजोव्हेझे आणि क्सिनोमाव्रो.* अकलूजची किंवा टस्कनीची सांजोव्हेझे एका बाजूला, आणि उत्तर ग्रीसच्या नाऊसाची क्सिनोमाव्रो दुसऱ्या बाजूला. व्हेर्मिओ डोंगराच्या उतारावरच्या नाऊसाला १९७१ मध्ये संरक्षित नाव मिळाले आणि त्या नावाची वाइन संपूर्ण क्सिनोमाव्रोचीच असावी लागते. रंग फिका, लवकर विटकरी होणारा. पाहून वाटते पातळ असेल, आणि मग तुरटपणा आदळतो. वास उन्हात वाळवलेल्या टोमॅटोचा, ऑलिव्हचा, खाली कुठेतरी स्ट्रॉबेरी. इटलीच्या बारोलोशी, म्हणजे नेब्बिओलोशी, याची तुलना नेहमी होते; बारोलोची किंमत पाहिल्यावर क्सिनोमाव्रोवर प्रेम बसायला वेळ लागत नाही. माझ्या मते युरोपातल्या कमी परिचित लाल वाणांत पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त देणारा हाच.

*मेर्लो आणि कार्मेनेर.* इथे ओळखायचे ते ढोबळी मिरचीचा वास. पायराझिन गटातले जे संयुग ढोबळी मिरचीला तिचा वास देते तेच कार्मेनेरमध्ये असते, आणि द्राक्ष पुरेसे पिकले नाही तर ते सगळ्यांवर मात करते. चांगल्या कार्मेनेरमध्ये ते भाजलेल्या मिरचीइतके सौम्य होऊन कोकोच्या वासाशी जुळवून घेते. चिलीचा 'विचित्र मेर्लो' म्हणजे काय प्रकरण होते, ते या जोडीत नाकानेच कळते.

*हलक्या रेड.* आपल्या हवेला आणि आपल्या जेवणाला भारदस्त रेडपेक्षा या जास्त शोभतात, आणि दुर्दैवाने दुकानात याच कमी मिळतात. सिसिलीचा फ्राप्पातो : फिका, फुलांचा वास, तुरटपणा जवळजवळ नाही. एत्ना ज्वालामुखीच्या उतारावरचा नेरेल्लो मास्कालेझे : रंग फिका पण अंगात ताण आहे, तिथल्या वाळूसारख्या ज्वालामुखीय मातीत फिलॉक्सेराचे फारसे चालले नाही, त्यामुळे काही फार जुन्या वेली आपल्याच मुळांवर उभ्या आहेत. वायव्य स्पेनच्या बिएर्सोचा मेन्सिया, जो पोर्तुगालच्या दांव भागात जाएन नावाने भेटतो. ऑस्ट्रियाचा त्स्वायगेल्ट, १९२२ मध्ये सांक्ट लॉरेंट आणि ब्लाउफ्रेंकिश यांच्या संकरातून झालेला, चेरीने भरलेला आणि कुणालाही आवडेल असा. फ्रान्समधल्या बोजोलेचा गामे खरे तर अनोळखी नाही; १३९५ मध्ये बरगंडीच्या ड्यूकने त्याला आपल्या मुलखातून हाकलले होते, तरी तो टिकला. ओळखीची बाजू म्हणून पिनो न्वार ठेवा. ती महाग वाटली तर गामेच ठेवा.

तान्ना आणि आल्यानिको या जाडजूड वाणांना शेवटी हात घाला. तान्नाचा तुरटपणा इतका कडक की तो मवाळ करायला नैर्ऋत्य फ्रान्सच्या मादिरां भागात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वाइनमध्ये प्राणवायूचे बारीक बुडबुडे सोडायचे तंत्रच निघाले. उरुग्वेची तान्ना त्यामानाने गुळगुळीत असते.

चौथी पायरी : लेबलवर गाव वाचा

युरोपच्या जुन्या भागांत लेबलवर वाणाचे नाव बहुतेक वेळा नसतेच. गावाचे किंवा भागाचे असते, आणि वाण तुम्हाला माहीत आहे असे गृहीत धरलेले असते. म्हणून ही एवढी यादी मोबाइलमध्ये ठेवा. ताउराझी म्हणजे आल्यानिको. नाऊसा म्हणजे क्सिनोमाव्रो. नेमेआ म्हणजे आयोर्यीतिको, ग्रीसचा मऊ, मसालेदार वाण. बिएर्सो म्हणजे मेन्सिया. मादिरां म्हणजे मुख्यतः तान्ना. एत्ना रोस्सो म्हणजे किमान ८० टक्के नेरेल्लो मास्कालेझे. चेरास्वोलो दी व्हित्तोरिया म्हणजे नेरो दाव्होला आणि फ्राप्पातो यांचे मिश्रण.

वाणाचे नाव छापलेले असेल तर युरोपीय संघाच्या नियमाने बाटलीत त्या वाणाचे किमान ८५ टक्के असायला हवे; म्हणजे पंधरा टक्के दुसरे काही असू शकते. आणखी एक घोळ टोपणनावांचा. स्पेनचा गार्नाचा, सार्दिनियाचा कान्नोनाउ आणि फ्रान्सचा ग्रनाश एकच. मोनास्त्रेल, मूर्व्हेद्र आणि मातारो एकच. तीन बाटल्या घेऊन तीन वाण चाखले असे वाटते, आणि निघतो एकच वाण तीन देशांतला. ठरवून केले तर तोही छान प्रयोग आहे.

अल्कोहोलचा आकडा मात्र दरवेळी बघा. अनोळखी वाण आहे, दुकानदाराला काही माहीत नाही, नेटवर शोधायला वेळ नाही, अशा वेळी १२ ते १३ टक्के म्हणजे बहुधा हलकी आणि आंबटसर, १४.५ च्या वर म्हणजे पिकलेली आणि भारी. एवढ्यावरही अंदाज बऱ्यापैकी जमतो.

पाचवी पायरी : भिशी लावा

परदेशी वाइन भारतात महाग पडते आणि कमी परिचित वाणांचा साठा मुंबई-पुण्यातल्या निवडक दुकानांपलीकडे फारसा नसतो. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वाइनची भिशी. सहा-आठ जणांनी महिन्याला ठराविक रक्कम काढायची, ज्याची पाळी त्याने एक जोडी आणायची. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून आठ जणांना प्रत्येकी नव्वदेक मिलिलिटर येते. चाखायला तेवढे भरपूर, आणि दोन बाटल्या मिळूनही डोके ठिकाणावर राहते. घरी जाताना गाडी चालवणाऱ्याने चव घेऊन थुंकावे. जगभर व्यावसायिक चाखणारे तेच करतात. महाराष्ट्रात मद्याचा परवाना लागतो आणि एक दिवसाचा दुकानातही मिळतो, हे यजमानाने लक्षात ठेवावे.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या. नातेवाईक लंडन, ॲमस्टरडॅम किंवा न्यू जर्सीहून येणार असतील तर त्यांना वाणाचे नाव, भागाचे नाव आणि किमतीची मर्यादा या तिन्ही गोष्टी लिहून पाठवा. "एक चांगली वाइन आण" म्हटले की विमानतळावरची सगळ्यात चकचकीत काबर्ने येते. त्यांनी ती शहरातल्या वाइनच्या खास दुकानातून घ्यावी. विमानतळावर असले वाण क्वचितच असतात.

सहावी पायरी : तापमान

रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या जुन्या, गार दगडी घरांचा. तिथली खोली १६ ते १८ अंशांची. पुण्यात एप्रिलमध्ये खोली ३३ अंशांवर असते आणि त्या तापमानाला कोणतीही रेड सुजल्यासारखी, नुसत्या अल्कोहोलच्या वासाची लागते. "मला रेड आवडत नाही" म्हणणाऱ्या अनेकांनी रेड कधी योग्य तापमानाला प्यायलेलीच नसते.

भारी वाण (सापेरावी, आल्यानिको, प्लावाट्स) दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. हलके (फ्राप्पातो, गामे, त्स्वायगेल्ट) तीन तास तरी. ते १२ ते १४ अंशांना खुलतात. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून त्यात दहा-पंधरा मिनिटे बाटली बुडवा. नुसत्या बर्फाने तेवढे होत नाही. जास्त गार झाली तर चिंता नाही, पेल्यात पाच मिनिटांत तापेल. पेले फुगीर पोटाचे, तोंडाशी निमुळते, आणि तिसरा हिस्साच भरलेले. प्रत्येक वाणासाठी वेगळा पेला घेण्याची गरज नाही. दोन वाइनना सारखेच पेले हवेत, एवढे पुरे.

सातवी पायरी : बैठक

दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर १ आणि २ लिहा. कोणती कुठली हे एकालाच माहीत असावे. आधी न बोलता प्रत्येकाने लिहायचे : रंग, आंबट, तुरट, भरीव, ऊब, प्रत्येकाला पाचपैकी गुण. मग बोलायचे. एकाने मोठ्याने "चॉकलेट!" म्हटले की सगळ्यांना चॉकलेट येऊ लागते, म्हणून हा नियम कडक पाळा.

कोणत्याही वाइनचा निकाल पहिल्या घोटावर लावू नका. उघडल्यावर, तासाभराने, आणि थोडी ठेवून दुसऱ्या दिवशी, असे तीनदा चाखा. तुरट वाण हवेने सैलावतात; नाऊसाची वाइन पहिल्या दहा मिनिटांत बंद दाराआड असते आणि तासाने बोलू लागते. हलक्या वाणांचे उलटे, त्यांची मजा पहिल्या तासात. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस बरी राहते.

वहीत शेवटची ओळ एकच असू द्या : याच किमतीला परत घेईन का? या ओळीला 'हो' लिहिलेल्या वाइन वर्षाअखेर एकत्र पाहिल्या की तुमची आवड आंबटाकडे आहे की भरीवाकडे, हे आपोआप दिसते. पुढची खरेदी त्या दिशेने.

जेवणाबरोबर

तिखट आणि टॅनिन यांचे जमत नाही. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि तुरटपणा तोंड आणखी खरखरीत करतो. तांबड्या रश्श्याबरोबर तान्ना उघडणे म्हणजे दोघांचाही अपमान. तिथे गार केलेली फ्राप्पातो किंवा त्स्वायगेल्ट घ्या. भाजलेल्या खोबऱ्याचे, तिखट बेताचे सुके मटण असेल तर सापेरावी. तिचा आंबटपणा चरबी कापतो आणि मटणातली प्रथिने तिचा तुरटपणा झेलतात. भरली वांगी, त्यात शेंगदाण्याचे कूट आणि गूळ असेल तर आयोर्यीतिको. टोमॅटोच्या आंबट रस्सा-भाजीला क्सिनोमाव्रो, कारण आंबट पदार्थाशेजारी कमी आंबट वाइन मिळमिळीत लागते.

बांगडा किंवा तारली यांच्याबरोबर रेड टाळाच. वाइनमध्ये लोह असते, आणि ते माशाच्या तेलाशी भिडले की तोंडात धातूसारखी, शिळ्या माशाची चव उमटते. सोलकढीबरोबर तर कोणतीच वाइन नको, ती एकटीच प्या.

वाण की बिघाड?

अनोळखी वाण चाखताना सगळ्यात मोठी अडचण ही की विचित्र वास वाणाचा आहे की बाटली बिघडली आहे, हे कळत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास म्हणजे बूच खराब. कोणत्याही वाणाचा तो गुण नाही, बाटली परत करा. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झणका म्हणजे आंबवताना किंवा साठवताना गडबड. गोठ्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास ब्रेट नावाच्या यीस्टमुळे येतो. थोडा असेल तर काहींना आवडतो, मला फारसा नाही. बूच वर सरकलेले असेल, गळ्याशी चिकट ओघळ असेल आणि वाइनला शिजवलेल्या फळांचा वास असेल तर बाटली कुठेतरी उन्हात किंवा तापलेल्या गोदामात पडून होती. आपल्या देशात हा बिघाड सगळ्यात जास्त भेटतो, म्हणून दुकानात खिडकीजवळची, दिव्याखालची बाटली घेऊ नका आणि घरी फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका.

उलट, सूर्यवाळल्या टोमॅटोचा वास क्सिनोमाव्रोचा, ढोबळी मिरची कार्मेनेरची आणि शाईसारखा गडद रंग सापेरावीचा. हे बिघाड नव्हेत.

क्सिनोमाव्रो, आल्यानिको, सापेरावी यांच्या चांगल्या बाटल्या दहा वर्षे आणि त्याहून जास्त मुरतात, हे ऐकून त्या कपाटात ठेवायचा मोह होतो. वाइनसाठीचा खास फ्रिज नसेल तर तो मोह आवरा. महाराष्ट्रातल्या दोन उन्हाळ्यांत साध्या कपाटातली बाटली मुरत नाही, शिजते. हवे तर थोड्या जुन्या सालाची बाटली परदेशातून मागवा आणि त्याच उत्पादकाच्या ताज्या सालाशी तिची जोडी लावा.